रोजकीर्द भरली, खतावणी राहिली



मागच्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी माझ्या फोनवर दीडशेच्या वर संदेश आले. कमळाचं चित्र, जोडलेले हात आणि खाली कळत-नकळत झालेल्या चुकांबद्दल दोन ओळी. मीही त्यातलंच एक बरं चित्र निवडलं आणि सगळ्या ग्रुपना पाठवून दिलं. पाच मिनिटांत दोनशे माणसांची क्षमा मागून झाली. फोन खाली ठेवला आणि लक्षात आलं, की जिची खरोखर क्षमा मागायला हवी ती सूनबाई चार पावलांवर ओट्याशी उभी आहे, आणि तिलाही तेच चित्र गेलं आहे.

माझी चूक काय होती ते आधी सांगते, कारण ती तुमच्यापैकी बऱ्याच जणींकडून होत असणार.

माझा नातू नऊ वर्षांचा, पुण्यात चौथीत शिकतो. शाळेतून सारख्या चिठ्ठ्या यायच्या. वही अपुरी, डबा विसरला, खिडकीबाहेर बघत बसतो, तास चालू असताना उठून फिरतो. शेवटी त्याच्या आईबाबांनी बालविकासाच्या डॉक्टरांना दाखवलं. दोन-तीन भेटी झाल्या, आईवडिलांकडून आणि वर्गशिक्षिकेकडून वेगवेगळे फॉर्म भरून घेतले आणि मग निदान आलं, एडीएचडी. म्हणजे लक्ष एका जागी धरून ठेवणं, हातापायांना आवर घालणं हे इतर मुलांना जेवढ्या सहज जमतं तेवढं त्याला जमत नाही. त्यात हुशारी कमी असण्याचा काही संबंध नाही.

हे कळल्यावर मी दोन गोष्टी केल्या. पहिली, सूनबाईला म्हटलं, "समाजात एवढ्यात कुणाला बोलू नकोस गं, उद्या त्याच्या बहिणीचं स्थळ बघायचं असतं." त्याची बहीण तेव्हा पाच वर्षांची होती. दुसरी गोष्ट, जिथून जे सापडेल ते मी तिला पाठवायला लागले. साखर बंद करा. नाकात तूप सोडा. अमुक रंगाचा धागा बांधा. पंधरा दिवसांत चाळीस तरी संदेश गेले असतील. त्यातला एक मी वरच्या दोन ओळी वाचूनच पुढे ढकलला. खाली काय लिहिलं होतं ते मला फार उशिरा कळलं. ज्या मुलांच्या आया नोकरीसाठी घराबाहेर असतात त्यांच्यात हा आजार वाढतो, असं त्यात होतं. माझी सून नोकरी करते.

तिने मला काही म्हटलं नाही. पुढचे तीन महिने फोनवर फक्त "हो आई", "बरं आई" एवढंच चाललं.

मी शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. आहे. कॉलेजात आमचे अकाउंटन्सीचे सर पहिल्याच आठवड्यात सांगायचे, की रोजकीर्दीत सगळं येतं. जे घडेल ते तारखेनिशी उतरवायचं. पण नुसत्या कीर्दीवरून धंदा नफ्यात आहे की तोट्यात हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. प्रत्येक नोंद तिच्या तिच्या खात्यात नेऊन बसवायची, तिला खतावणी म्हणायचं. मग तेरीज काढायची, ती जुळली तर ताळेबंद. तेव्हा कळतं आपण कुठे उभे आहोत.

आज आपल्या सगळ्यांचं झालंय असं, की रोजकीर्द फुगत चालली आहे आणि खतावणी कुणीच करत नाही. सकाळी उठल्यापासून नोंदीच नोंदी. युद्धाची बातमी, हळदीचा भाव, भाचीच्या बाळाचा फोटो, गुडघेदुखीचा उपाय, महाराजांचं प्रवचन, पुन्हा युद्ध. त्यातलं कुठलं कुठल्या खात्यात गेलं? संध्याकाळी विचारलं तर सांगता येत नाही.

आपल्याकडे हेच फार बारकाईने सांगून ठेवलंय. पाठशाळेत तत्त्वार्थसूत्र शिकलेल्यांना मतिज्ञानाचे चार टप्पे आठवत असतील, अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. आधी वस्तूची नुसती चाहूल लागते. मग हे काय असावं अशी जिज्ञासा होते. मग पारखून निश्चय होतो. आणि शेवटी ते मनात टिकतं. लहानपणी मी हे घोकून म्हटलं होतं, अर्थ साठीत कळला. फोन आपल्याला दिवसभर अवग्रह देतो. ईहेला वेळ मिळायच्या आत पुढची चाहूल येते. मी सूनबाईला पाठवलेले चाळीसच्या चाळीस संदेश पहिल्या टप्प्यावरचे होते. चाहूल लागली की ढकललं.

हर्बर्ट सायमन नावाचे अमेरिकन अर्थतज्ज्ञ होते, त्यांना १९७८ साली नोबेल मिळालं. त्यांनी १९७१ सालीच, म्हणजे मोबाइल कुणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हा, एक साधी गोष्ट दाखवली होती. माहिती फुकट नसते, ती ऐकणाऱ्याचं लक्ष खर्च करते. जिथे माहिती उदंड, तिथे लक्षाचा दुष्काळ पडणारच. आपण पैशाचा हिशेब ठेवतो, तेलाचा डबा किती दिवस पुरला ते सांगू शकतो. लक्ष कुठे गेलं याचा हिशेब आपल्यापैकी कोण ठेवतं?

आणि चुकीची नोंद एकदा कीर्दीत पडली की ती काढणं किती कठीण असतं याचं एक उदाहरण सांगते. १९९८ साली इंग्लंडमधल्या अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरने 'द लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात फक्त बारा मुलांवरून एक लेख लिहिला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीचा ऑटिझमशी संबंध असावा, असा त्यातून समज पसरला. पुढे मोठमोठे अभ्यास झाले, संबंध आढळला नाही. २०१० साली 'लॅन्सेट'ने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी त्या डॉक्टरचं नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकलं. तरी आजही आपल्या ग्रुपवर ती लस आणि ऑटिझमची भीती फिरते. लेख मागे घेतल्याचा फॉरवर्ड मला आजवर एकदाही आलेला नाही. व्हॉट्सअॅपने २०१८ साली भारतात एका वेळी पाचच जणांना संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्या मर्यादेने माझ्यासारखीला रोखलं नाही. मी पाच-पाच करून पाठवले.

आता नातवाच्या बाबाविषयी, म्हणजे माझ्या चिरंजीवाविषयी. डॉक्टरांनी फॉर्म भरून घेताना तो एकेक प्रश्न वाचत गेला आणि म्हणाला, "आई, हे तर माझं लहानपण आहे." एडीएचडी घराण्यात चालतो, वंशातून येण्याचा त्यात मोठा भाग असतो. मुलाचं निदान होताना बापाला किंवा आईला स्वतःची ओळख पटणं ही काही नवलाची गोष्ट नाही. मला आठवलं, याच मुलाला मी 'वेंधळा', 'धांदरट' म्हणत आले. पावसाळ्यात तीन छत्र्या हरवल्या म्हणून चौथी न देता शाळेत पाठवलं होतं.

तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळे सांगलीला आमच्याकडे आले, तेव्हा पहिल्यांदा मी त्याचं काम जवळून पाहिलं. माडीवरच्या खोलीत दार लावून बसला की चार-चार तास पाण्यालाही उठायचा नाही. आपण म्हणतो या मुलांना लक्ष देता येत नाही. तसं नसतं. मनाला धरून ठेवणारं काम असलं तर लक्ष इतकं लागतं की जेवणाची आठवण राहत नाही. लक्ष कुठे, केव्हा आणि किती लावायचं याचा लगाम त्यांच्या हातात नीट बसत नाही. त्या वर्षी त्याच्या कामाचं कौतुक झालं.

मग ऑफिस पुन्हा सुरू झालं. लांबच लांब खोली, शंभर माणसं, मध्ये भिंत नाही. एकीकडे मीटिंग, एकीकडे हसणं, आणि पडद्यावर दर दोन मिनिटांनी टुंग करून कुणाचा तरी संदेश. लगेच उत्तर द्यायचं, नाहीतर माणूस कामावर नाही असं धरतात. वार्षिक आढाव्यात त्याला लिहून आलं, की काम उत्तम आहे, पण प्रतिसाद संथ आहे. पगारवाढ कमी मिळाली. मुलगा त्या दिवशी मला फोनवर म्हणाला, "माझं काम कुणी वाचत नाही आई, मी किती वेळात हो म्हणतो ते मोजतात."

त्याचं हे बोलणं मला लागलं, कारण घरात मी तेच करत होते. व्हॉट्सअॅपवर २०१४ पासून निळ्या खुणा आल्या. संदेश वाचला हे पाठवणाऱ्याला कळतं. "निळं झालं, तरी उत्तर नाही" हे वाक्य मी किती वेळा म्हटलंय त्याला मोजमाप नाही. उत्तर चटकन आलं तर माया आहे, उशिरा आलं तर माया आटली, असा हिशेब मीच मांडून ठेवला होता.

म्हणून मला आज जे मांडायचंय ते एवढंच, की उत्तराचा वेग हा ना बुद्धीचा मापदंड आहे, ना प्रेमाचा. यंत्राने आणि ऑफिसने तो एकच मापदंड करून टाकला आणि आपण तो घरात आणला. ज्यांचं मन वेगळ्या चालीने चालतं त्यांना त्याची झळ आधी आणि जास्त लागते. पण लागते सगळ्यांना.

तत्त्वार्थसूत्रात त्या चार टप्प्यांच्या पाठोपाठ ज्ञानाचे आणखी भेद येतात. कुणी एकाच वेळी पुष्कळ वस्तू जाणतो, कुणी एकच. कुणी क्षिप्र म्हणजे झटकन जाणतो, कुणी अक्षिप्र म्हणजे सावकाश. त्या यादीत सावकाश जाणणाऱ्याला वर्गाबाहेर काढलेलं नाही. दोन्ही मतिज्ञानच. आचार्यांना मेंदूचं आजचं शास्त्र ठाऊक होतं असलं काही मला म्हणायचं नाही, तसले फॉरवर्ड मी आता वाचतही नाही. माणसामाणसाची जाणण्याची रीत वेगळी असते हे आपल्या परंपरेला परकं नाही, एवढंच. इंग्रजीत १९९० च्या दशकात त्याला 'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द मिळाला. मेंदूंची विविधता, असं आपण म्हणू.

माझ्या वडिलांची सांगलीत हळदीची अडत होती. त्यांच्याकडे एक दिवाणजी होते. सौद्याची वेळ झाली, ओरडा सुरू झाला, की कानावर हात ठेवून आत जायचे. कुणाच्या डोळ्यांत बघून बोलायचे नाहीत, लग्नाकार्याला यायचे नाहीत. पण पाच वर्षांपूर्वी कुणाची किती पोती आली ते वही न उघडता सांगायचे. वडिलांनी त्यांची बैठक आतल्या खोलीत करून दिली होती आणि सौद्याच्या वेळी त्यांना कुणी हाक मारायची नाही असा पेढीचा नियम होता. त्यांना काय होतं ते मला माहीत नाही, आणि गेलेल्या माणसाला मी आज निदान चिकटवणार नाही. पण आतली खोली द्यायला वडिलांना कुठल्या सर्टिफिकेटची गरज पडली नाही.

तरीही जुना काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. त्याच गल्लीत एक मुलगा होता, अक्षरं उलटी लिहायचा. मास्तरांनी मारलं, घरच्यांनी मारलं, चौथीतून शाळा सुटली. एक मुलगी होती, बोलायची नाही. पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत बसवायचे. तीही आतलीच खोली. एकाला त्या खोलीने मान दिला, दुसरीला लपवलं. मी सूनबाईला "समाजात बोलू नकोस" म्हटलं, तेव्हा मी कुठली खोली उघडत होते ते तुम्हीच ठरवा.

न बोलण्याने नुकसानही होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आधीच्या सातऐवजी एकवीस प्रकार आले. त्यात ऑटिझम आहे, वाचन-लेखन-गणिताची अध्ययन अक्षमता आहे. त्याचा दाखला असला तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, आपल्या दहावीच्या बोर्डातही. लाजेपोटी दाखवलंच नाही तर मूल त्याला मुकतं. एडीएचडीचं नाव मात्र त्या यादीत वेगळं नाही. माझ्या मुलासारख्यांची सोय व्हायची तर ती वरिष्ठाच्या भलेपणावर. आणि ऑफिसचे फोन ऑफिसच्या वेळेपुरते असावेत, यासाठी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये तसा नियम २०१७ पासून आहे.

आता दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. नातवाच्या निमित्ताने मी रील्स बघायला लागले आणि आठवड्याभरात मलाच तीन आजार झाले! दूध उतू गेलं, एडीएचडी. गर्दी नको वाटली, ऑटिझम. एकदा एक रील पाहिलं की फोन तसलीच दहा पुढे आणतो, मग आपली खात्रीच पटते. डॉक्टरांनी समजावलं, की ही लक्षणं वयाच्या बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांनी रोजच्या जगण्यात खरी अडचण व्हायला हवी. फोनमुळे उडालेलं माझं लक्ष हा माझा प्रमाद आहे. नातवाचं तसं नाही. दोन्ही एका खात्यात टाकले तर हिशेब चुकेल आणि ज्याला खरी मदत हवी त्याचंच म्हणणं हसण्यावारी जाईल. शांत, स्वप्नाळू मुलींच्या बाबतीत तर हे निदान पुष्कळदा सुटूनच जातं, कारण त्या कुणाला त्रास देत नाहीत.

अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत दुःश्रुती येते, मनाला मलिन करणारं ऐकणं-वाचणं. त्याचा त्याग हे श्रावकाचं गुणव्रत आहे. आपण कांदा-लसूण, रात्रिभोजन याबाबत किती काटेकोर असतो. पाणी गाळून घेतो. डोळ्यांतून आत जाणाऱ्याला मात्र गाळणं नाही. मी आता एक गाळणं लावून घेतलंय. पूर्ण वाचल्याशिवाय काही पुढे पाठवायचं नाही. ज्याला पाठवायचं त्याने मागितलंय का, हे बघायचं. आजारपणाविषयी असेल तर पाठवायचंच नाही, त्या माणसाला फोन करून "तू कशी आहेस?" एवढं विचारायचं. सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत असतो. आणि घरच्या ग्रुपवर मी स्वतः लिहिलंय, की उत्तर दोन दिवसांनी दिलं तरी चालेल, तातडीचं असेल तर मी फोन करेन.

मुलाने वरिष्ठांशी बोलून सकाळचे दोन तास मीटिंगशिवाय मागून घेतले, कोपऱ्यातली जागा मागितली. दोन तास मिळाले, जागा मिळाली नाही. तो कानाला हेडफोन लावून बसतो. चाललंय.

नातू सुट्टीत आला की माझ्याबरोबर बस्तीत येतो. पूर्वी मी त्याला मांडी घालून बसवायचे, तो चुळबुळ करायचा, मी डोळे वटारायचे, दोघांचंही ध्यान पंढरीला! आता तो प्रदक्षिणा घालत घालत णमोकार म्हणतो. किती झाल्या ते बोटांवर मोजतो आणि मला येऊन सांगतो. पूजेच्या अक्षता धुवायचं काम त्याचं आहे. एक दाणा सांडत नाही.

क्षमावाणीच्या त्या दिवशी मी उठून ओट्यापाशी गेले. सूनबाईला म्हटलं, "तो संदेश मी न वाचता पाठवला होता. तुझ्या नोकरीने काही झालेलं नाही. मी चुकले. आणि कुणाला बोलू नकोस म्हटलं, तेही चुकले." ती लगेच काही बोलली नाही. गॅस बारीक केला, भाजी परतली, झाकण ठेवलं. मी उभी राहिले. पूर्वीची मी असते तर दुसरं वाक्य टाकलं असतं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आई, तो रात्री झोपताना तुमच्याबद्दल विचारतो, आजी माझ्यावर रागावली आहे का. त्याला एकदा तुम्हीच सांगाल का?"

मी पदराला हात पुसले आणि माडीवर गेले.

जय जिनेंद्र.